मधला तुकडा कलेजीचा

गेल्या महिन्यात एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत 'घरच्या घरी तिखट सीख कबाब' अशा मथळ्याचा मजकूर प्रसिद्ध झाला. मटण किती घ्यावे, दह्यात किती वेळ मुरवावे, निखारा कसा असावा, हे सगळे लेखिकेने सविस्तर सांगितले होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवटून तिसऱ्या वाक्याबद्दल. 'भाजत असताना अधूनमधून एखादा तुकडा सळईवरून काढून चाखून पाहावा.' हे वाक्य वाचताच मी चहाचा कप खाली ठेवला आणि संपादकांस पत्र लिहिले. ते छापले गेले नाही. दुसरे लिहिले, त्याची पोचही आली नाही. तिसरे रजिस्टर डाकेने पाठवले. पोचपावती तेवढी आली. अशा परिस्थितीत, ज्यांच्या वतीने मी ही हरकत घेतो आहे त्या गृहस्थांची हकीकतच वाचकांपुढे ठेवणे मला भाग आहे.

ते डाकबंगल्यावर खानसामा होते. छप्पन साली आमचा मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात सामील झाला, त्याच सुमारास मी कचेरीत नकलनवीस म्हणून यवतमाळला रुजू झालो. गावाच्या कडेला मला एक खोली मिळाली. खोलीमागे तुराट्यांचे कुंपण होते, आणि कुंपणापलीकडे खानसाम्यांचे घर. त्यांना नाव होते, परंतु ते कोणी वापरत नसे. त्यांची पत्नीसुद्धा त्यांना खानसामाच म्हणत असे.

उंच, वाळकी, ताडाच्या खोडासारखी अंगलट. डाकबंगल्यावर साहेबांसाठी रांधताना अंगात साधी बंडी असायची. पण रविवारी दुपारी स्वतःच्या अंगणात शेगडी मांडली की पितळी गुंड्यांचा पांढरा कोट चढवून ते निखाऱ्यापुढे बसत. मी एकदा या उलट रिवाजाचे कारण विचारले.

"तिथं मी नोकर हाय, बाबू," ते म्हणाले. "इथं मी खानसामा हाय."

शेगडी म्हणजे एक फुटके घमेले आणि चार विटा. सळया म्हणजे सायकलच्या चाकाच्या तारा. दगडावर घासून त्यांना टोके काढलेली. अशा अकरा तारा ते कोटाच्याच कापडाच्या सुरळीत गुंडाळून ठेवत. मटण आदल्या दिवशीच दही, कच्च्या पपईचा कीस, लसूण आणि लाल मिरची यांत मुरत पडलेले असे. मिरचीचे प्रमाण असे, की खाणाऱ्याने खाता खाता आपला मुद्दा विसरावा. भाजताना वरून जवसाच्या तेलाचा हात फिरे. एका सळईवर तुकडे पाचच: दोन मटणाचे, मधे कलेजीचा, पुन्हा दोन मटणाचे. सहावा तुकडा ओवा, असे मी एकदा सुचवले.

"सहावा ओवला तं थे सीख नाही राहत, माळ होते. गळ्यात घालाची हाय का कोनाच्या?"

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा याहून वेगळा होता. ते स्वतःच्या हातचे कधीही चाखत नसत. मीठ पुरेसे आहे की नाही, हे ते कान देऊन ठरवत. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की मान तिरकी करून ऐकत. "च्यर्र म्हनलं तं बराबर हाय. फस्स म्हनलं तं पानी राह्यलं." आणि सळईवरचा तुकडा दुसऱ्या कोणी उचलू म्हटले तर त्याची बोटे पंख्याच्या दांड्याने फोडत. सगळ्या सळया उतरेपर्यंत कोणी काही खायचे नाही. उतरल्या की तुकडे एका परातीत पडायचे, तिथून पळसाच्या पानांवर सारखे वाटे घातले जायचे. मग एकाने भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणत असे, एकेका पानावर बोट ठेवून विचारत, "हा कोनाचा?" आणि तो पाठमोरा माणूस एकेक नाव घेई. कोणता वाटा कोणाला जातो आहे हे त्याला दिसत नसे, आणि ज्यांना दिसे त्यांना बोलण्याचा अधिकार नसे. पक्षपाताचा इतका पक्का बंदोबस्त मी पुढे चाळीस वर्षे जे कायदे वाचले त्यांत कोठेही पाहिला नाही.

आमची ओळख झाली ती एका तुकड्यापायीच. दौऱ्यावर आलेले एक मोठे साहेब वास घेत घेत बंगल्याच्या मागील दारी आले, आणि त्यांनी शेगडीवरच्या सळईचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला.

"वा, खानसामा! झकास!"

"साहेब, जेवन झालं तुमचं," खानसामा म्हणाले.

साहेबांना वाटले, विनोद आहे. तो विनोद नव्हता. अकराच्या अकरा सळया मोटारचालक, माळी आणि चपराशी यांना वाटल्या गेल्या आणि साहेबांच्या टेबलावर एक उकडलेले अंडे गेले. चौथ्या दिवशी खानसाम्यांकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. तो कागद घेऊन ते कुंपणाशी आले.

"बाबू, तुमी कचेरीतले. हा सरकारी कागद हाय का शिव्या हायेत, वाचून सांगा."

मी वाचला आणि माझे माथे भडकले. खुलासा मागवताना कोणत्या नियमाचा भंग झाला याचा उल्लेखच नव्हता! मी त्याच बैठकीत नऊ पानांचे उत्तर लिहिले. त्यात अन्न तयार झाल्याचा क्षण कोणता, तोवर त्याचा ताबा कोणाकडे, आणि ताबा नसलेल्या वस्तूला हात लावणाऱ्यास पद आड येते काय, या तिन्ही प्रश्नांचा ऊहापोह केला. महिन्याभराने प्रकरण दप्तरी दाखल झाल्याचे कळले. साहेबांनी ते उत्तर पूर्ण वाचले नसावे, असे माझे विरोधक म्हणतात. म्हणोत.

वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "नऊ पानं! साहेबानं तुकडा खाल्ला, येवढंच तं सांगाचं होतं."

तेव्हापासून रविवारच्या वाट्यांत माझे एक पान वाढले. उपकाराची फेड म्हणून मी एकदा राजूरच्या खाणीत कामाला असलेल्या आप्ताकडून पोतेभर दगडी कोळसा आणवला. बाभळीचा कोळसा दर आठवड्याला धुंडाळण्यापेक्षा हा बरा, असा माझा हिशेब. खानसाम्यांनी दोन खडे शेगडीत टाकले. काळा धूर उठला, वासाने शेजारची म्हैस दावे तोडून गेली, आणि मटणाला जी चव आली तिची तुलना फक्त रेल्वेच्या फलाटाशी करता येईल. दुसऱ्या दिवशी पोते माझ्या दाराशी परत आले होते, आणि निरोप होता: "बाबूले म्हना, म्या इंजन घेतलं का कळवीन."

असे बरे चालले होते. मग एका रविवारी, पाने उचलता उचलता, वहिनींनी मूळ विषयाला हात घातला.

"भाऊजी, तुमी जगाले येवढे कागद लिहता, तं एक आमच्या नायकाले लिहा न."

"गप राह्य," खानसामा म्हणाले.

"कायले गप राहू? पोरीचं लगन बैसाखात धरलं. नायक बसला नाही तं तांडा येते का? तांडा आला नाही तं लगन कोनापुढं लावता? या घमेल्यापुढं?"

खानसामा गोर बंजारा समाजाचे. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. आता फुलसावंगीच्या बाजूला त्यांचा तांडा होता, तांड्याची शेती होती, आणि तांड्याचा कारभार पाहणारा नायक होता. तांड्यावर बोकड पडला की प्रत्येक घराचा सारखा वाटा निघे. घरधनी परगावी असला तरी त्याचा वाटा बाजूला राही. वाटा म्हणजे केवळ मटण नव्हे. त्या घराची तांड्यात गणती आहे, याची ती खूण. आणि खानसाम्यांच्या घराचा वाटा चौदा वर्षांपासून बंद होता.

कारण त्यांनीच सांगितले, कोळशाकडे पाहत. डाकबंगल्यावर ते नुकतेच मदतनीस म्हणून लागले होते. एका लग्नासाठी तांड्यावर गेले, ते नव्या सळया घेऊन. साहेबी पद्धतीने कलेजी भाजून दाखवतो, अशी बढाई मारली. सगळा तांडा भोवती जमला. वाटे पडायच्या आधी त्यांच्या तोंडात एक तुकडा गेला, आणि तो नायकाने पाहिला.

"नायकानं इचारलं, खाल्ली का? म्या म्हनलं, खाल्ली नाही, चाखली. शिजली का पाहून राह्यलो होतो. नायक म्हने, नीट सांग. म्या म्हनलं, हेच नीट हाय. थो म्हने, मंग नीट सांगशीन तवा वाटा घेऊन जाजो. म्या सीखा गुंडाळल्या अन् निघालो."

"आणि चौदा वर्षे?"

"चौदा वर्सं थेच म्हनून राह्यलो. चाखली."

माझा संताप अनावर झाला. ना लेखी आरोप, ना पुरावा, ना अपिलाची सोय! मी त्याच दिवशी नायकास पहिले पत्र लिहिले. मुद्दा: एवढ्या जुन्या कृत्याबद्दल आज शिक्षा चालू ठेवणे हे मुदतीच्या तत्त्वास सोडून आहे. तांड्यावरचा एक माणूस अधूनमधून सर्व्हिस मोटारीने यवतमाळला येई. त्याच्या हाती ते दिले. पाच आठवड्यांनी त्याने निरोप आणला.

"नायक म्हनते, कागद लय चांगला हाय. मास्तरकून दोनदा वाचून घेतला. पन खानसाम्यानं खाल्ली का नाही?"

दुसरे पत्र: फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश या तिन्ही भूमिका नायकाने स्वतःकडे घेतल्या, हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. निरोप: "हाव, बराबर हाय. पन खाल्ली का?"

तिसरे पत्र माझ्या मते सर्वोत्कृष्ट होते. चाखणे हे पाकक्रियेचे अंगभूत कर्म असून खाणे हे भोजनाचे होय; हेतूवाचून अपराध नाही; खानसाम्यांचा हेतू तपासणीचा होता, उपभोगाचा नव्हता; सबब वाटा बंद करण्यास मूळ कारणच उरत नाही. पाने अकरा.

या पत्राला निरोप आला नाही. नायक स्वतः आले.

कापूस वेचणीचे दिवस होते. रविवारची दुपार. पांढरे पागोटे, हातात काठी, सत्तरीचे पण काटक. अंगणात येऊन बाजेवर बसले आणि म्हणाले, "राम राम. थो कागदवाला कोन हाय?"

मी पुढे झालो. त्यांनी मला खालून वर न्याहाळले.

"मले वाटलं, लय मोठा मानूस असन."

वहिनींनी डोईवरचा पदर सावरून पाणी दिले. पोरगी दाराआड उभी होती. खानसामा पितळी गुंड्यांच्या कोटात शेगडीपुढे बसले; नायकांना त्यांनी हात जोडले. सळया निखाऱ्यावर चढल्या. मी अकरा पानांची नक्कल उघडली आणि उभा राहिलो, कारण बसून बाजू मांडण्याची पद्धत मला ठाऊक नव्हती.

मुदत, नैसर्गिक न्याय, असे करीत मी मुख्य मुद्द्याशी आलो. नायक काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. तीन सळया उतरून घमेल्याच्या काठावर टेकवल्या होत्या. "नायकसाहेब," मी म्हणालो, "ज्याने रांधले त्याने पारखले नाही, तर पारखावे कोणी? हात आपले काम करीत असतो, मन त्यात नसते. हातास जबाबदार धरायचे, की मनास?"

येथे मी युक्तिवादाच्या भरात हात लांबवला. तो कशासाठी लांबवला हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. जिभेला चटका बसला तेव्हा कळले, की माझ्या तोंडात कलेजी आहे.

खानसाम्यांच्या हातातला पंखा थांबला.

"अवो भाऊजी!" वहिनी म्हणाल्या.

तोंडात विस्तव, डोळ्यांत पाणी, आणि तशात मी बोललो. नसतो बोललो तर बरे झाले असते. मी म्हणालो, "मी फक्त... शिजली आहे की नाही... पाहत होतो."

खानसामा उठले. माझ्यासाठी मांडलेले पळसाचे पान त्यांनी उचलले, दुमडले आणि निखाऱ्यावर टाकले.

"तुमचा वाटा बंद, बाबू."

"अरे येड्या," नायक म्हणाले, "थो तं तुह्याच कडून भांडून राह्यला!"

"भांडू द्या. तुकडा उचलला न त्यानं?"

"पाहून राह्यला होता म्हनते."

"पाहून कुठं राह्यला! गिळला न थ्यानं! तोंडात घास अन् वर म्हनते, शिजली का..."

आणि ते थांबले. जळणाऱ्या पानाकडे पाहत राहिले. पितळी गुंड्या आधी हलल्या. मग कळले, की ते हसत आहेत. खांद्यापासून पोटापर्यंत हसत ते मटकन खाली बसले, पंख्याने स्वतःच्याच डोक्यावर दोन वेळा मारून घेतले, आणि नायकांकडे वळले.

"नायक, म्या खाल्ली होती."

नायकांनी काठीवरची हनुवटी उचलली.

"चाखली नोयती. सकायपासून उपाशी होतो, वास नाकात जाऊन राह्यला होता. खाल्ली. मस्त लागली."

नायकांनी काठी बाजूला ठेवली. "हे आयकाले मले पुसदची मोटार पकडा लागली," ते म्हणाले. "चौदा वर्सं! लेका, तुह्या वाट्याचे किती बोकड आमी खाल्ले, ठावं हाय का?" आणि बाजेवरून उतरून ते स्वतःच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "चाल वो बाई, घाल वाटे."

वहिनींनी वाटे घातले. पहिल्या पानावर बोट ठेवले. "हा कोनाचा?"

"माह्या तांड्याच्या खानसाम्याचा," भिंतीकडे पाहत नायक म्हणाले.

खानसाम्यांनी पान दोन्ही हातांत घेतले, आणि इतक्या वर्षांत प्रथमच मी त्यांना स्वतःच्या हातचे खाताना पाहिले. पहिल्या घासाला त्यांनी भुवई उंचावली.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

मला पान नव्हते. मी वासावर बसून राहिलो. वाटले, समारंभाच्या आनंदात माझी किरकोळ चूक माफ होईल. झाली नाही. पुढल्या रविवारी नाही, त्याच्या पुढल्या रविवारीही नाही. कुंपणावरून वास येई, "हा कोनाचा?" ऐकू येई, आणि नावांत माझे नाव नसे. ज्याचा खटला मी जिंकून दिला त्याच्याकडून ही वागणूक! मी चार पानांचे पत्र लिहिले: नोटिशीवाचून शिक्षा, शिक्षेस कालमर्यादा नाही, शिवाय तो तुकडा युक्तिवाद चालू असताना उचलला गेला होता. ते पत्र एका सळईला टोचून कुंपणात खोवलेले मला परत मिळाले.

वैशाखात लग्न झाले. मला मानाने नेले. तांड्यावर जो तो मला ओळखत होता. म्हाताऱ्या बायका आपापसांत "कागदवाला, कागदवाला" म्हणून बोटे दाखवत होत्या. नवरी निघाली तेव्हा तांड्यातल्या सगळ्या बाया तिच्याभोवती गोळा होऊन हेल काढून रडल्या आणि वहिनी त्यांच्या मधोमध होत्या. त्या दिवशीच्या वाट्यांत नायकांनी माझे नाव घेतले, तर भर मांडवात खानसामा उभे राहिले.

"याचा वाटा बंद हाय. म्या बंद केला."

"काहून रे?"

"थ्याले ठावं हाय काहून."

नायक हसले आणि पुढच्या पानाकडे वळले. मी वरण-भाकरी जेवलो.

परतीच्या मोटारीत मी मनातल्या मनात पाचवे पत्र जुळवत होतो. मुद्दे भक्कम होते. यवतमाळ येईपर्यंत ते बारा झाले. घरी येऊन दौत उघडली, कागद घेतला, वर तारीख घातली. मायना लिहिला. आणि पहिल्याच मुद्द्यापाशी अडलो. त्या दुपारी माझे मन खरोखर युक्तिवादात होते काय? सळया निखाऱ्यावर चढल्यापासून मी त्या मधल्या तुकड्याकडे पाहत होतो. पहिला मुद्दा मांडतानाही पाहत होतो, दुसरा मांडतानाही. मुद्दा क्रमांक चार लवकर घेतला तो शेगडीच्या बाजूला सरकता यावे म्हणून.

मी लिहिले: 'मी कलेजी खाल्ली.' खाली सही केली, आणि कुंपणात खोवून कचेरीत गेलो.

आजवर मी नगरपालिकेला, टपालखात्याला, वीजमंडळाला आणि निरनिराळ्या संपादकांना किती पत्रे लिहिली, याची गणती नाही. बहुतेकांना उत्तर आलेले नाही. खानसाम्यांना लिहिलेल्या त्या पत्राचे उत्तर त्याच दिवशी, मी घरी परतण्याआधी, आले होते. वार रविवार नव्हता. दाराच्या कडीला पळसाच्या पानाची पुडी अडकवली होती, अजून गरम. आत पाच तुकडे होते, मधला कलेजीचा.